चर्चच्या वह्यांत सापडलेला शाप

कोलंबियाच्या आंतिओकिया प्रांतात, मेडेयीनच्या उत्तरेला डोंगरात यारुमाल नावाचं गाव आहे. या गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या काही घरांत माणसं चाळिशी ओलांडली की विसरायला लागत. आधी हातातलं काम, मग नावं, शेवटी पोटची पोरं. लोक त्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. कारणांना तोटा नव्हता. कुणी एका झाडाच्या सालीला दोष देई, तर कुणी सांगे की पूर्वजांपैकी एकानं चर्चच्या दानपेटीवर हात मारला आणि पाद्र्यानं अख्ख्या वंशाला शाप दिला.

फ्रान्सिस्को लोपेरा याच यारुमालमध्ये वाढले. १९८०च्या दशकात मेडेयीनमध्ये मेंदूविकारांचं शिक्षण घेत असताना त्यांच्यापुढे ४७ वर्षांचा एक रुग्ण आला. स्मृती पार गेलेली. चौकशी केली तर वडिलांचं तेच, आजोबांचंही तेच. म्हातारपणाचा म्हणून ओळखला जाणारा आजार ऐन उमेदीत, तोही पिढ्यान् पिढ्या! लोपेरांनी मग या घराण्याचा माग काढायला घेतला.

ते दिवस मेडेयीनमध्ये कोकेनच्या टोळ्यांचे आणि डोंगरात बंडखोरांचे होते. लोपेरांच्या सहकारी परिचारिका लुसिया माद्रिगाल रक्ताचे नमुने गोळा करत गावोगाव हिंडायच्या. बंडखोरांनी त्यांना एकदा पकडून काही दिवस डांबूनही ठेवलं. पण खरा ऐवज सापडला तो चर्चमध्ये. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्या पाद्र्यांनी इमानेइतबारे जपल्या होत्या. कुणाचा मुलगा कोण, कोण कुठल्या वयात गेला, सगळं त्यात होतं. काही मृत्यूंपुढे कारण लिहिलं होतं, ‘मेंदू मऊ झाला’. एकेक नाव जोडत वंशवृक्ष अठराव्या शतकातल्या, बास्क वंशाच्या एका जोडप्यापर्यंत पोहोचला. ज्या पाद्र्यांवर शापाचा आळ होता, त्यांच्याच दप्तरानं शापाचा निकाल लावला.

१९९०च्या दशकात दोष नेमका सापडला. प्रेसेनिलिन-१ या जनुकात एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. आईबापांपैकी एकाकडे ते असलं तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. उतरलं, तर सरासरी ४४व्या वर्षी पहिली लक्षणं आणि ४९व्या वर्षी स्मृतिभ्रंश. डोंगरातली एकाकी वस्ती, डझनडझन मुलांची घरं, नात्यातली लग्नं. विस्तारित कुटुंब सहा हजारांच्या घरात गेलं.

यारुमालवर लिहिणाऱ्याला गार्सिया मार्केझ आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्या १९६७च्या कादंबरीत माकोंदो गावाला निद्रानाशाची साथ लागते, पाठोपाठ विस्मृती येते आणि लोक वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवतात. गंमत अशी, की आधी झोप जाते आणि मग आठवण, हा कल्पनेतला क्रम पुढे शास्त्रज्ञांनाही गंभीरपणे तपासावा लागला. २००९मध्ये उंदरांच्या मेंदूत दिसलं, की अशा आजारात मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन जागेपणी वाढतं आणि झोपेत उतरतं. २०२१मध्ये सुमारे आठ हजार ब्रिटिश नोकरदारांची २५ वर्षांची माहिती प्रसिद्ध झाली: पन्नाशी ते सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त. अपुरी झोप हे कारण की आजाराची आगाऊ चाहूल, यावर वाद आहेच. पण यारुमालच्या घरांना हे हिशेब तोकडे आहेत. तिथे धोका टक्क्यांत मोजत नाहीत. सदोष जनुक आलं की आजार जवळपास ठरलेलाच.

जवळपास म्हणायचं कारण एक बाई. तिच्यात ते जनुक होतं, तरी सत्तरीपर्यंत स्मृती शाबूत. २०१९मध्ये उलगडा झाला: एपीओई जनुकाच्या ‘क्राइस्टचर्च’ नावाच्या दुर्मीळ प्रकाराच्या दोन प्रती तिच्याकडे होत्या. मेंदूत अमायलॉइड भरपूर, पण याच आजारात साठणाऱ्या टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा पसारा फारच थोडा.

औषधानं मात्र दगा दिला. क्रेनेझुमॅबच्या चाचणीत २५२ नातलग उतरले. आपल्यात दोष आहे की नाही हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणाचा निकाल कळू नये म्हणून दोष नसलेलेही घेतले आणि त्यांना नुसतं बिनऔषधी द्रव्य टोचलं. २०२२च्या निकालात ठळक फायदा दिसला नाही. २०२४मध्ये लोपेरांच्या गटानं सदोष जनुकाबरोबर क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांची माहिती छापली: त्यांची स्मृती दोष असलेल्या इतरांपेक्षा सुमारे पाच वर्षं उशिरा ढासळू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात लोपेरा वारले.