यंत्रानुकरणातील वेग आणि प्रामाण्य : कन्सोल-खेळांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम रचनेने सर्वस्वी भिन्न अशा दुसऱ्या यंत्रावर चालविणे तत्त्वतः शक्य आहे, हे अ‍ॅलन ट्यूरिंगच्या १९३६ सालच्या सार्वत्रिक यंत्राच्या कल्पनेतून सिद्ध झाले. तथापि जे तत्त्वतः शक्य ते व्यवहारात उपयुक्त असतेच असे नाही. ट्यूरिंगच्या त्या विवेचनात काळाच्या मर्यादेला स्थान नव्हते. प्रत्यक्षात मात्र यंत्रानुकरणाचा इतिहास हा काळाशी झालेल्या झगड्याचाच इतिहास होय. घरगुती कन्सोलवरील खेळ संगणकावर चालविण्याच्या प्रयत्नांत हा झगडा सर्वांत स्पष्टपणे दिसून येतो. हिशेबाचा प्रोग्राम संथपणे चालला तरी अखेरीस उत्तर बरोबर येते. परंतु सेकंदाला साठ चित्रे दाखविण्यास असमर्थ ठरलेला खेळ हा खेळच राहत नाही. हा वेग ज्या उपायांनी साधला गेला त्यांचे दोन वर्ग पडतात. काही उपायांनी अनावश्यक श्रम टाळले. काहींनी मूळ यंत्राच्या वर्तनाचाच काही भाग वगळला. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

वेगाचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो खेळांच्या नव्हे, तर व्यापारी हिशेबाच्या क्षेत्रात. आय.बी.एम.चे १४०१ हे यंत्र १९५९ साली बाजारात आले व अल्पावधीत अत्यंत लोकप्रिय झाले. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल कंपनीने १४०१ चे प्रोग्राम रूपांतरित करून घेणारे आपले नवे यंत्र जाहीर केले, तेव्हा हा ग्राहकवर्ग हातचा जाण्याची भीती निर्माण झाली. ७ एप्रिल १९६४ रोजी घोषित झालेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेची आज्ञावली जुन्या यंत्राहून अगदी निराळी होती. केवळ प्रोग्रामच्या द्वारा १४०१ ची नक्कल करावी तर ती फार संथ ठरत असे. म्हणून यंत्राच्या अंतर्भागातील सूक्ष्म-आज्ञांमध्येच जुन्या आज्ञांचा अर्थ लावण्याची सोय करण्यात आली. प्रोग्रामद्वारा होणाऱ्या नकलेपासून ही पद्धत वेगळी ओळखता यावी म्हणून ‘एम्युलेटर’ हा शब्द तेथे रूढ झाला. म्हणजे या संज्ञेच्या जन्मामागेही वेगाचीच निकड होती.

कन्सोलच्या बाबतीत अशी सोय उपलब्ध नव्हती. सामान्य संगणकाच्या अंतर्रचनेत बदल करणे वापरणाऱ्याच्या हाती नसल्याने जे काही साधावयाचे ते प्रोग्रामनेच साधावे लागले. १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे उदाहरण घेता येईल. त्याचा मुख्य प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. १०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम संगणकाचे घड्याळ त्याच्या सुमारे ५६ पट वेगवान. वरकरणी हे अंतर प्रचंड वाटते. परंतु प्रत्येक आज्ञा वाचणे, तिचा अर्थ लावणे, तिची अंमलबजावणी करणे व उलटलेल्या काळाचा हिशेब ठेवणे या कामांत संगणकाच्या अनेक आज्ञा खर्ची पडतात. शिवाय फॅमिकॉममधील चित्र-चिप प्रोसेसरच्या तिप्पट गतीने एकेक बिंदू निर्माण करीत असते आणि ध्वनीचे कामही त्याच वेळी चालू असते. मूळ यंत्रात जे एकाच क्षणी निरनिराळ्या ठिकाणी घडते, ते संगणकाला क्रमाक्रमाने करावे लागते. ५६ पटींची शिल्लक अशा रीतीने पाहता पाहता संपून जाते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेले नेस्टिकल आणि सुपर निन्टेन्डोसाठीचे झेडस्नेस या एम्युलेटरांचे यश या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. झेडस्नेस तर बहुतांशी असेम्ब्ली भाषेत लिहिलेले होते. त्यामुळे वेग लाभला. मात्र अन्य जातींच्या प्रोसेसरवर ते नेणे दुर्घट झाले. त्या पिढीतील एम्युलेटरांत बिंदूऐवजी संपूर्ण रेषा एकदम काढणे, चिपांमधील कालमेळ सैल ठेवणे, प्रसंगी काही चित्रे गाळणे अशा उपायांचा अवलंब होई. बहुसंख्य खेळांत फरक जाणवत नसे, पण काहींत जाणवे. ‘एअर स्ट्राइक पट्रोल’ या खेळात विमानाची सावली पडद्यावरील रेषा अर्धवट काढून झालेली असतानाच चिपच्या मांडणीत बदल करून साधलेली आहे. पूर्ण रेषा एकदम काढणाऱ्या एम्युलेटरात ती सावली नाहीशी होई.

याहून गंभीर परिणाम पुढेच होता. जपानी खेळांची इंग्रजी भाषांतरे करणाऱ्या हौशी मंडळींनी आपले काम झेडस्नेसवर पडताळून पाहिले. त्यांपैकी काही भाषांतरित खेळ झेडस्नेसवर सुरळीत चालत, पण खऱ्या यंत्रावर चालत नसत. प्रतीतील दोष प्रमाण मानून त्यावर नवी परंपरा उभी राहावी, असाच हा प्रकार होता. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस तो अपरिचित वाटणार नाही.

जानेवारी १९९९ मध्ये अल्ट्राएचएलई या प्रोग्रामने वेगळीच दिशा दाखविली. निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा होता व त्याच्या जोडीला स्वतंत्र चित्र-प्रोसेसर होता. प्रत्येक आज्ञेचे अनुकरण तत्कालीन संगणकांच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु या यंत्राचे खेळ सी भाषेत व उत्पादकाने पुरविलेल्या ठराविक उपप्रोग्रामांच्या साहाय्याने लिहिले जात. ते उपप्रोग्राम ओळखून त्यांच्या आज्ञा न चालविता केवळ त्यांचे अपेक्षित फल संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडून निर्माण करावयाचे, ही ती युक्ती. निवडक खेळ विलक्षण वेगाने चालू लागले; ज्यांची बांधणी वेगळी होती ते मात्र चाललेच नाहीत. येथे यंत्राच्या वर्तनाची जागा त्याच्या हेतूविषयीच्या तर्काने घेतली होती.

पुनःसंकलनाचे स्वरूप याहून भिन्न आहे. पीटर डॉइच व अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४ साली स्मॉलटॉक-८० या भाषेसाठी वर्णिलेली ही पद्धत एम्युलेटरांतही रुजली. आज्ञांच्या गटाचे एकदाच रूपांतर करून ते जपून ठेवले की पुन्हा पुन्हा अर्थ लावण्याचे श्रम वाचतात. चालता चालता स्वतःतच बदल करणाऱ्या प्रोग्रामांवर लक्ष ठेवले, तर यात मूळ वर्तनाचा त्याग करावा लागत नाही. हा उपाय म्हणूनच पहिल्या वर्गात मोडतो.

इ.स. २००० नंतरच्या दशकात बीस्नेस या एम्युलेटरच्या कर्त्याने, जो बायू व पुढे निअर या टोपणनावांनी ओळखला गेला, वेगापेक्षा प्रामाण्य श्रेष्ठ मानले. सुपर निन्टेन्डोतील चिपांचा मेळ सूक्ष्मतम काळापर्यंत राखावयाचा, तर एका चिपचे काम थांबवून दुसरीचे हाती घेणे सेकंदाला लक्षावधी वेळा घडते. २०११ साली या काटेकोर अनुकरणासाठी सुमारे ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागत असे. मूळ यंत्राचा मुख्य प्रोसेसर तर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा होता. प्रोसेसरांच्या घड्याळी वेगाची वाढ २००४ च्या सुमारास खुंटली होती. गाभ्यांची संख्या वाढली, तरी क्षणोक्षणी एकमेकांची वाट पाहणाऱ्या कामांस तिचा फारसा लाभ होत नाही.

गेमक्यूबच्या डॉल्फिन या एम्युलेटरचा इतिहास येथे विशेष उद्बोधक ठरतो. त्या कन्सोलच्या चित्र-चिपची प्रत्येक नवी मांडणी ग्राफिक्स कार्डासाठी छोट्या प्रोग्रामात रूपांतरित करावी लागे व त्या रूपांतरापुरता खेळ क्षणभर अडखळे. अधिक शक्तिमान संगणकानेही हा दोष पुरता जात नसे. २०१७ साली जो उपाय योजला गेला, त्यात त्या चिपच्याच वर्तनाचा अर्थ लावणारा एक मोठा प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावर चालविण्यात आला. रूपांतर पार्श्वभूमीवर पूर्ण होईपर्यंत काम तो सांभाळतो. संथ म्हणून मागे टाकलेली अर्थ लावण्याची पद्धतच येथे मदतीला आली.

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. वेगाचा अभाव ही बहुधा कालांतराने भरून निघणारी उणीव आहे. २०११ साली जड वाटणारे अनुकरण आज साध्या संगणकावर सहज चालते. वगळलेल्या वर्तनाचे तसे नाही. ते परत मिळवावयाचे तर मूळ यंत्राचीच परीक्षा करावी लागते. ‘सुपर मारिओ कार्ट’ (१९९२) या खेळाच्या साहाय्यक चिपचे आवरण दूर करून तिच्यातील प्रोग्राम वाचण्यात आला, तेव्हाच तिच्याविषयीचे अनुमान संपून ज्ञान सुरू झाले. अशी परीक्षा मूळ चिपा शाबूत आहेत तोवरच शक्य आहे, आणि त्या दरवर्षी कमी होत आहेत. संथ परंतु प्रामाणिक अनुकरणास वेग देण्याचे काम पुढील पिढ्याही करू शकतील. मूळ यंत्राची साक्ष नोंदवून ठेवण्याचे काम मात्र त्यांच्यावर सोपवून चालणार नाही.