पर्यावरणीय शोक म्हणजे काय? हवामान संकटाचं दुःख सगळ्यांना सारखं का नसतं?

१८ ऑगस्ट २०१९. आइसलँडमध्ये काही लोक डोंगर चढून एका हिमनदीला निरोप द्यायला गेले. ओक्योकुल ही हिमनदी वितळून इतकी पातळ झाली होती की, २०१४ मध्येच तिचा 'हिमनदी' हा दर्जा गेला होता. तिथे स्मृतिफलक बसवला गेला. देशाच्या पंतप्रधानही हजर होत्या.

निसर्गातलं काही कायमचं गमावल्यावर किंवा ते जाणार हे दिसू लागल्यावर होणाऱ्या दुःखाला अभ्यासक 'पर्यावरणीय शोक' म्हणतात.

हा शोक कशाचा असतो?

ॲशली कन्सोलो आणि नेव्हिल एलिस यांनी २०१८ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. कॅनडातले इन्युइट लोक आणि ऑस्ट्रेलियातले गहू पिकवणारे शेतकरी यांच्याशी बोलून त्यांनी तीन प्रकार सांगितले: जमीन, बर्फ, प्राणी नाहीसे होण्याचं दुःख; पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आणि ओळख निरुपयोगी ठरण्याचं दुःख; आणि पुढे जे जाणार आहे त्याचं आधीच जाणवणारं दुःख.

मग विषमता कुठे येते?

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधल्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. २५० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्यात चहामळ्यांतल्या मजुरांची कुटुंबंही होती. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाच्या मते, त्या दिवशीचा पाऊस हवामान बदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता. जमिनीच्या वापरातले बदल आणि घटतं जंगल हे मुद्देही चर्चेत आले.

ज्यांची ओळख पटली नाही, त्यांना पुथुमला इथे सर्वधर्मीय प्रार्थना करून दफन करण्यात आलं. दगडांवर नावाच्या जागी क्रमांक होते. डीएनए चाचणीतून कधीतरी ओळख पटावी म्हणून. खुद्द पुथुमलामध्येही २०१९ साली दरड कोसळून माणसं गेली होती.

दुसरीकडे, ऑक्सफॅमच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला निम्मं कार्बन उत्सर्जन येत होतं. म्हणजे धूर एकाचा आणि सुतक दुसऱ्याच्या घरी.

दुःखाची भरपाई होते का?

घर, रस्ता, पीक यांची किंमत काढता येते. गाव, शेजार, स्मशान, देवस्थान यांची येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाटाघाटींत याला 'बिगर-आर्थिक नुकसान' म्हणतात. हवामान बदलाची झळ बसलेल्या विकसनशील देशांसाठी वेगळा निधी उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत झाला. पण माणसाला शोक करायलाही वेळ लागतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याकडे नेमका तोच नसतो.

आपण काय करू शकतो?

दरडीचे व्हिडिओ दोन दिवस फिरतात, मग थांबतात. पुनर्वसन मात्र वर्षानुवर्षं चालतं. सहा महिन्यांनी, वर्षानं 'त्या लोकांचं काय झालं?' हे विचारणं, हाही सामूहिक शोकाचाच भाग आहे.