भारहीन आकाशांत मानवी देह



गेल्या पावसाळ्यांत आमच्या वाड्याच्या जिन्यावरून घसरून माझ्या नडगीचें हाड मोडलें व मला सहा आठवडे खाटेवर पडून काढावे लागले. प्लास्टर निघालें त्या दिवशीं मोठ्या उमेदीनें उभा राहूं गेलों, तों डोळ्यांपुढें अंधेरी आली. पोटरी पाहतों तों वेताच्या काठीसारखी. दुखापत एका पायाला. पण ज्याला कांहींएक झालें नव्हतें तो दुसरा पायहि बराच वाळला होता. डॉक्टर हंसून म्हणाले, “मास्तर, आपण अंतराळयात्रा करून आलांत म्हणा ना!” मला तो विनोद वाटला. पुढें वाचन केल्यावर कळलें कीं, त्यांत विनोद थोडा व शास्त्र फार होतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फार वर गेलें म्हणजे पृथ्वीचें आकर्षण संपतें, असें मीं वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. तें चूक होतें. 400 किलोमीटर उंचीवर आकर्षण जवळजवळ 90 टक्के शिल्लक असतें. मग भार जातो कोठें? गोदावरीला पूर आला म्हणजे पुलावरून उड्या घेणारीं मुलें आपण पाहतों. पाय कठड्यावरून सुटल्यापासून पाण्याला लागेपर्यंत त्यांच्या तळव्यांना खालून रेटा देणारें कांहीं नसतें. तेवढा क्षण तीं भारहीन असतात. अंतराळयान असेंच सतत पडत असतें. मात्र त्याचा वेग एवढा असतो कीं, पडतां पडतां तें पृथ्वीच्या गोलाईवरून पुढें निघून जातें व जमिनीला कधीं लागत नाहीं. आंतला मनुष्य महिनेच्या महिने त्या उडीच्या मध्यावरच असतो म्हणा.

1961 च्या एप्रिलांत युरी गागारिन 108 मिनिटांत परत आले. तेवढ्यानें देहांत फरक पडण्यास अवसरच नव्हता. त्याच वर्षीं ऑगस्टांत गेर्मान तितोव एक दिवसाहून अधिक वर राहिले आणि त्यांना मळमळूं लागलें. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. ते कोणीकडे ओढले जातात यावरून मेंदू वर-खालीं ओळखतो. तेथें ते कोणीकडेच ओढले जात नाहींत. डोळे एक सांगतात व कान दुसरेंच. हा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. खरा धक्का बसला तो 1970 च्या जूनमध्यें. सोयुझ-9 मधील निकोलायेव व सेवास्त्यानोव सुमारें 18 दिवसांनीं उतरले, ते धडपणें उभे राहूं शकेनात. त्यांना धरून न्यावें लागलें.

आतां आपल्या माणसाकडे वळूं. 3 एप्रिल 1984 रोजीं राकेश शर्मा हे मालिशेव व स्त्रेकालोव यांच्यासह बैकानूर येथून निघाले. सल्यूत-7 या स्थानकांत तिघे आधींपासून वस्तीला होते, आणि त्यांतील ओलेग आत्कोव हे हृदयरोगांचे वैद्य. एकाच छपराखालीं आठ दिवसांचा पाहुणा आणि महिनोन्महिने राहणारा वैद्य, असा तो योग.

नवागताच्या देहांत काय होतें तें आज चांगलें ठाऊक आहे. भार नाहींसा होतांच पायांकडील रक्त व द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, नाक चोंदतें, पाय बारीक दिसूं लागतात. मणक्यांवरील दाब गेल्यामुळें उंची दोन-चार सेंटिमीटरांनीं वाढते. देहाला वाटतें, पाणी फाजील झालें; तो तें कमी करतो. वर हें सोईचेंच असतें. पण खालीं उतरून उभें राहिलें कीं डोक्याला रक्त अपुरें पडतें. माझी अंधेरी तीच!

शर्मा यांच्याकडील प्रयोगांपैकीं योगासनांचा प्रयोग आपल्या लोकांस फार भावला. माझ्या एका सहकाऱ्यानें तर योगानें अंतराळ जिंकलें असें व्याख्यानच ठोकलें. मला त्या वेळींहि शंका होती. आसनाची अर्धी तपश्चर्या देहाचा भार तोलण्यांत असते. जेथें भारच नाहीं तेथें शीर्षासन आणि ताडासन यांत अंतर कोणतें? शर्मा यांना पट्ट्यांचा आधार घ्यावा लागला. शिवाय एका मनुष्यावरून व आठ दिवसांवरून सिद्धान्त निघत नाहीं. प्रयोग करण्याजोगा होता, इतकेंच म्हणावें.

शर्मा 11 एप्रिलला परतले. आत्कोव व त्यांचे दोघे सोबती मात्र ऑक्टोबरांत, 237 दिवसांनीं उतरले. इतक्या मुदतींत हाडांचाहि प्रश्न येतो. कंबरेच्या व मांडीच्या हाडांतील खनिज महिन्याला एक ते दीड टक्का झिजतें आणि तो चुना लघवीवाटे जातो. म्हणून स्थानकावर रोज सुमारें दोन तास व्यायाम करावा लागतो.

हें सर्व जमिनीवर राहून कसें अभ्यासावें? तर माणसाला खाटेवर निजवून, डोक्याकडची बाजू सहा अंशांनीं खालीं करून! मॉस्को येथें 1986–87 सालीं स्वयंसेवकांना असें 370 दिवस निजवून ठेवलें होतें. माझे सहा आठवडे त्यापुढें काय! 2025 च्या जून-जुलैंत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हां त्यांच्या प्रयोगांतहि स्नायूंची पुनर्घटना भारहीनतेंत कां मंदावते हा प्रश्न होताच.

शर्मा पुढें आपल्याकडेच आले, हें आज पुष्कळांस माहीत नाहीं. 1987 पासून 1992 पर्यंत ते ओझरच्या विमान-कारखान्यांत मुख्य चाचणी-वैमानिक होते. लढाऊ विमान वेगानें वळलें म्हणजे आंतल्या मनुष्याला आपला भार पांच-सहा पट जाणवतो. ज्या देहानें आठ दिवस भार जाणला नाहीं, त्यानें येथें आपल्या द्राक्षमळ्यांवरच्या आकाशांत तो पटीपटीनें सोसला. नाशिकजवळच मिग-21 ची चाचणी घेतांना ते मरणाच्या तोंडांतून वांचले.

स्नायू कांहीं आठवड्यांत भरून येतात. हाडाला महिने, कधीं वर्षेंहि लागतात. डॉक्टरांनीं मला पायावर भार टाका, असें बजावलें आहे. रोज सकाळीं काठी घेऊन रामकुंडापर्यंत जातों. जातांनाच्या उतारावर पाय अजून लटपटतो.