एमएफ डूम : मुखवटा घालून गाणाऱ्या अंडरग्राउंड रॅपरचा प्रवास

हिप हॉप संगीतात 'अंडरग्राउंड' हा शब्द नेहमी ऐकू येतो. मोठी कंपनी नाही, टीव्हीवर जाहिरात नाही. स्वतःच्या बळावर किंवा छोट्या कंपनीकडून गाणी काढायची आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी प्रचारावर चालायचं, असा त्याचा अर्थ. या वाटेवरच्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक म्हणजे एमएफ डूम. त्याची कारकीर्द कशी घडली आणि एका कागदावाचून त्याचा घरी परतायचा रस्ता कसा बंद झाला, जाणून घेऊया.

भावासोबत सुरुवात

खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म १३ जुलै १९७१, लंडन. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात राहायला गेलं. तिथं त्याने धाकट्या भावाला सोबत घेऊन 'केएमडी' नावाचा गट काढला. तेव्हा तो 'झेव्ह लव्ह एक्स' या नावाने रॅप करायचा, भाऊ 'डीजे सबरॉक' म्हणून ओळखला जायचा. १९९१ मध्ये 'इलेक्ट्रा' या मोठ्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम 'मिस्टर हूड' काढला. पोरांचं बस्तान बसत होतं.

भाऊही गेला, कंपनीही गेली

एप्रिल १९९३ मध्ये हमरस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून सबरॉकचा मृत्यू झाला. दुसरा अल्बम तेव्हा अर्धवट होता. डॅनियलने तो एकट्याने पुरा केला. अल्बमच्या कव्हरवर, काळ्या लोकांची थट्टा करणाऱ्या जुन्या व्यंगचित्रातल्या पात्राला फासावर लटकवल्याचं चित्र होतं. त्यावर टीका झाली आणि १९९४ मध्ये कंपनीने अल्बम बाजारात आणायचंच रद्द केलं. गटाशी केलेला करारही मोडला.

त्यानंतर काही वर्षं डॅनियल संगीतापासून दूर होता. डोक्यावर धड छप्पर नाही, अशा अवस्थेत त्याने न्यूयॉर्कमध्ये दिवस काढले.

चेहरा झाकून परत

१९९७ च्या सुमारास तो पुन्हा छोट्या कार्यक्रमांत दिसू लागला. सुरुवातीला तोंडावर बायकांचा पायमोजा ओढून गायचा. पुढे धातूचा मुखवटा आला. 'मार्व्हल' कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकावरून त्याने नाव घेतलं एमएफ डूम. एमएफ म्हणजे 'मेटल फेस', धातूचा चेहरा. लोकांनी रूप बघू नये, शब्द ऐकावेत, हा त्यामागचा विचार होता.

रेडिओवर कार्यक्रम करणाऱ्या बॉबिटो गार्सियाच्या 'फॉन्डल एम' या छोट्याशा कंपनीने १९९९ मध्ये त्याचा 'ऑपरेशन : डूम्सडे' हा अल्बम काढला. नंतरची बरीच वर्षं त्याने असंच काम केलं. एकाच मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधता वेगवेगळ्या छोट्या कंपन्यांकडून, वेगवेगळ्या नावांनी अल्बम काढले. २००३ मध्ये 'किंग गिडोरा' आणि 'व्हिक्टर व्हॉन' या दोन नावांनी दोन अल्बम आले.

'मॅडव्हिलनी'

मार्च २००४ मध्ये संगीतकार मॅडलिबसोबतचा 'मॅडव्हिलनी' आला. बाहेर पडायच्या कितीतरी आधी त्याची कच्ची गाणी इंटरनेटवर फुटली होती. वैतागून दोघांनी काम थांबवलं आणि काही काळाने पुन्हा हाती घेतलं. नंतर डूमने शब्द संथ, खालच्या आवाजात नव्याने गायले आणि तीच त्या अल्बमची खूण ठरली. २२ ट्रॅक, जेमतेम ४६ मिनिटं, धृपद जवळपास नाहीच. 'बिलबोर्ड'च्या २०० अल्बमांच्या यादीत तो १७९ व्या क्रमांकापर्यंतच गेला. पण २०२० मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने आजवरचे ५०० सर्वोत्तम अल्बम निवडले, त्यात 'मॅडव्हिलनी' होता.

मुखवट्याचा एक वादही झाला. काही कार्यक्रमांना त्याने स्वतःऐवजी मुखवटा घातलेला दुसराच माणूस पाठवला. तिकीट काढून आलेले लोक भडकले.

एका कागदावाचून

लहानपणापासून अमेरिकेत वाढला, तिथंच संसार केला, पण डूमने अमेरिकेचं नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं. २०१० मध्ये युरोपचा दौरा आटोपून परत निघाला, तेव्हा त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. बायको-मुलं तिकडे आणि तो लंडनमध्ये, अशी ताटातूट झाली. जन्माचं गाव, पण आयुष्य सगळं दुसरीकडे. तिथूनही त्याने काम चालू ठेवलं. २०१२ मध्ये 'की टू द कफ्स' आला. २०१७ मध्ये त्याचा किशोरवयीन मुलगा वारला.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एमएफ डूमचा मृत्यू झाला. वय ४९. जगाला ते कळलं दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, त्याच्या पत्नीने जाहीर केल्यावर.

२०२१ मध्ये लाँग आयलंडवरच्या लाँग बीच या गावातल्या एका रस्त्याला 'केएमडी - एमएफ डूम वे' असं नाव देण्यात आलं. पाटीवर आधी दोघा भावांच्या गटाचं नाव आहे, मग त्याचं.