हार्डवेअरच्या दुकानातील इटालियन

इटलीतील हार्डवेअरच्या दुकानाला फेर्रामेन्ता म्हणतात. तेथे परक्या गिऱ्हाइकाचे काम दोन-तीन वाक्यांत भागते. 'वोर्रेई उन मार्तेल्लो' म्हणजे 'मला एक हातोडा हवा होता', 'क्वान्तो कोस्ता?' म्हणजे 'किती पडतील?', आणि खिळे वजनावर हवे असतील तर 'उन एत्तो दी कियोदी', शंभर ग्रॅम खिळे. अडते ते नामांपाशी. एकोणिसाव्या शतकात खुद्द इटलीतील माणसाचेही तेथेच अडत असे, आणि आम्हांला या विषयात रस आहे तो त्यामुळे.

1861 मध्ये इटली एक राष्ट्र झाले तेव्हा शेकडा अडीच लोकांनाच इटालियन येत असावे, असा तुल्लिओ दे मावरो यांचा 1963 मधील अंदाज होता. पुढे आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो शेकडा दहाच्या आसपास नेला. तरीही बाकीचे नव्वद उरतातच. दान्तेची भाषा पढिकांच्या हाती होती. सुताराच्या रंध्याला तीत काय म्हणावे, याची तूरिन-मिलानच्या लेखकालाही खात्री नसे. तूरिनच्या जाचिन्तो कारेना यांनी घरगुती वस्तूंचे व कारागिरीचे शब्द गोळा केले. त्यांच्या कोशाचा घरगुती भाग 1846 मध्ये निघाला. त्यावर आलेस्सान्द्रो मान्झोनी यांनी 1847 मध्ये त्यांना दीर्घ पत्र लिहिले. कौतुक होते, पण हरकतही होती: शब्द घ्यावेत ते फक्त फ्लोरेन्सच्या चालू बोलीतले. मान्झोनी स्वतः मिलानचे, आणि आपली कादंबरी त्यांनी याच आग्रहापायी नव्याने लिहून काढलेली. कादंबरीपुरता हा आग्रह शोभला. हत्यारांना तो लावणे आम्हांला हट्टाचे वाटते.

हत्यारांनी तो पुरता मानलाही नाही. षट्कोनी खाचेच्या स्क्रूला लागणाऱ्या किल्लीला आपण ॲलन की म्हणतो. इटालियनमध्ये ती ब्रूगोला. एजिदिओ ब्रूगोला यांनी 1926 मध्ये लिस्सोने येथे कारखाना काढला, आणि त्यांचे आडनाव सामान्यनाम झाले. लिस्सोने फ्लोरेन्सजवळ नव्हे, मान्झोनींच्या मिलानजवळ आहे.

जुने शब्दही पाहण्याजोगे आहेत. वीते म्हणजे स्क्रू आणि द्राक्षवेलही. मळसूत्राचा पीळ वेलीच्या तणाव्यावरून सुचलेला. स्क्रू काढणारा तो काच्चावीते. कियावे म्हणजे किल्ली. पोर्तुगीजांकडून आलेली आपली 'चावी' याच लॅटिन मुळाची. पण नट फिरवण्याचा पानाही कियावेच. नुसते 'कियावे' मागितले, तर दुकानदार विचारणारच: कुलपाची, की नटाची?