परतवाड्याचे अरुण साधू आणि ‘सिंहासन’मधली मुंबई

मराठी चित्रपटात मुंबई खऱ्या अर्थाने पात्र म्हणून उभी राहिली ती १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा विजय तेंडुलकर यांची. चित्रपट बेतला होता अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर. महानगर असे आतून ओळखणारा हा लेखक मूळचा परतवाड्याचा, हे वऱ्हाडाबाहेर फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

परतवाडा हे अचलपूरचे जुळे गाव. इमादशाहीची राजधानी राहिलेल्या अचलपूरलगत इंग्रजी अमदानीत लष्कराची छावणी होती, परतवाडा तिथलाच. मेळघाटातले सागवान इथल्या बाजारात उतरे आणि चिखलदऱ्याची वाटही इथूनच घाट चढते. साधूंचा जन्म १९४१ चा. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि राजधानी एकदम समुद्रकाठी गेली. वऱ्हाडी माणसाच्या लेखी मुंबई ही सिनेमाची नगरी तर होतीच, तेव्हापासून सरकार बसते ते ठिकाणही झाली.

साधू मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रांत वार्ताहर झाले. मंत्र्यांची दालने, कामगारांच्या सभा, चाळी आणि गुन्हेगारी या सगळ्या ठिकाणी एकाच माणसाचा वावर असतो तो बातमीदाराचा, आणि ‘सिंहासन’ची सारी रचना या सोयीवर उभी आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांना निनावी फोन येतो, खुर्ची डळमळू लागते. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) डाव टाकत असतात. कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी) शहर बंद पाडू शकतो, तर खालच्या थरात तस्करीच्या धंद्यातली माणसे आहेत. हे थर एकमेकांना क्वचितच भेटतात, तरी एकाचा धक्का दुसऱ्याला बसतोच. त्यांना जोडत हिंडतो पत्रकार दिगू टिपणीस.

दिगूच्या भूमिकेत निळू फुले आहेत, हा पटेलांचा खास डाव म्हणावा लागेल. चारच वर्षांपूर्वी ‘सामना’मध्ये त्यांनीच फुल्यांकडून साखरपट्ट्यातला मग्रूर हिंदुराव करून घेतला होता. इथे तोच नट सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि काहीच बदलू शकत नाही. शेवटी दिगूचे भान सुटते, भर रस्त्यात तो वेड्यासारखा हसत सुटतो. सत्तेचे गणित मात्र तोवर बिनबोभाट जुळलेले असते. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यामुळे मुंबईचा झगमगाट आपोआप गळतो आणि उरतात त्या कचेऱ्या, रस्ते आणि चेहरे. हिंदी पडद्यावरच्या मुंबईपेक्षा ही मुंबई त्यामुळेच वेगळी दिसते. तिथे नायक शहराशी झुंजतो, इथे नायकच नाही.

चित्रपटात वऱ्हाडचा आणखी एक आवाज आहे. त्यातले गाजलेले गीत अमरावतीच्या सुरेश भटांचे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर आशा भोसले यांचा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘सिंहासन’ला मिळाला.

साधू २००७ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी केदार वैद्य यांनी त्यांच्या ‘झिपऱ्या’ कादंबरीवर चित्रपट काढला. त्यातली मुंबई लोकलच्या फलाटांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची आहे.