पालक-शिक्षक मूल्यांकनभेद
पालक-शिक्षक मूल्यांकनभेद : एकाच बालकाच्या वर्तनसमस्यांविषयी पालक व शिक्षक यांनी केलेल्या नोंदींतील तफावत.

मायकेल रटर व सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात ब्रिटनमधील आइल ऑफ वाइट बेटावर पालक व शिक्षक यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या वापरल्या. दोन्हींतून समस्याग्रस्त म्हणून निवडली गेलेली सामाईक मुले थोडीच निघाली. टॉमस आकेनबाक व सहकाऱ्यांच्या 119 अभ्यासांवरील विश्लेषणात (1987) समान भूमिकेतील नोंदकर्त्यांमधील सरासरी सहसंबंध 0.60, तर भिन्न भूमिकेतील नोंदकर्त्यांमधील 0.28 आढळला (पहा : सहसंबंध).

आक्रमकता, अतिचंचलता यांबाबत एकमत अधिक, तर भीती, उदासी यांबाबत कमी असते. शिक्षक वर्गातील समवयस्कांशी तुलना करतो. झोप, जेवण, हट्ट हे पालकालाच दिसते. त्यामुळे तफावत ही केवळ मापनातील चूक नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यात हा भेद विशेष लक्षात घ्यावा लागतो. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यातील आदिवासी मुले निवासी आश्रमशाळेत असल्यास पालकांना मुख्यतः सुट्टीतलेच वर्तन दिसते; तसेच घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाचे वर्गातील मौन समस्या म्हणून नोंदले जाण्याचा संभव असतो (पहा : आश्रमशाळा, कोरकू). हंगामी स्थलांतरित कुटुंबांत मूल आजी-आजोबांकडे राहत असेल, तर पालक म्हणून कोणाची नोंद घ्यावी, हे आधी ठरवणे आवश्यक ठरते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांनुसार अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराच्या निदानासाठी लक्षणे किमान दोन ठिकाणी (उदा., घर व शाळा) दिसणे आवश्यक आहे; म्हणून निदानातही हा भेद महत्त्वाचा ठरतो (पहा : अतिचंचलता).